जेवण गाडीत, पण गाडीपर्यंत जायचे कसे?

परीक्षा आटोपल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रवाना झाले, कचेऱ्यांतील मार्चअखेरची धावपळ ओसरली, की मध्यमवर्गीय घरांत सहलीचे बेत शिजू लागतात. पूर्वी हे बेत देवदर्शन, भंडारदरा आणि फार तर महाबळेश्वर एवढ्यापुरते असत. अलीकडे त्यांत एक नवी हौस दाखल झाली आहे. धावत्या आगगाडीत, खिडकीशी मांडलेल्या टेबलावर सहकुटुंब रात्रीचे जेवण घ्यावे, ही ती हौस. केवळ जेवणासाठी दोन-तीन तास धावणाऱ्या आणि प्रवाशांना निघाल्या स्थानकावरच परत आणून सोडणाऱ्या गाड्या परदेशांत आहेत. त्यांची चित्रे आता हातातल्या फोनवर शाळकरी मुलेही पाहतात आणि आपल्याकडे असे काही नाही का, असे वडिलांना विचारतात. नगर शहरातील शिक्षकाला किंवा कारकुनाला या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड जाते. आहे असेही धड म्हणता येत नाही आणि नाही असेही.

ज्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरतात, तेथे असल्या चैनीची चर्चा कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो पुरता बरोबर नाही. रेल्वे ही सार्वजनिक पैशाने उभी राहिलेली व्यवस्था आहे. तिच्यातील सुखसोयी कोणाच्या वाट्याला येतात आणि कोण फाटकाशी उभा राहून गाडी जाताना नुसती पाहतो, हा वाटणीचा प्रश्न आहे. वर्षातून एकदा चार माणसांनी गाडीत बसून जेवावे, ही इच्छा त्या प्रश्नाची कसोटी म्हणून वापरता येते. आणि नगर जिल्ह्याच्या बाबतीत ती कसोटी फार बोलकी ठरते.

दौंड-मनमाड हा सुमारे २३६ किलोमीटरचा लोहमार्ग १८७८ साली वाहतुकीस खुला झाला. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळात पोटासाठी सरकारी कामांवर आलेल्या माणसांनी त्याचे बरेचसे मातीकाम केले. दोन वेळच्या अन्नासाठी घातला गेलेला रूळमार्ग, असे त्याचे वर्णन अलंकारिक नव्हे, शब्दशः खरे आहे. मार्गाचा मूळ हेतू मात्र नगरची सोय हा नव्हता. मुंबईहून भुसावळकडे जाणारा आणि मुंबईहून पुणे-सोलापूरकडे जाणारा, असे जी. आय. पी. रेल्वेचे दोन मोठे फाटे मधल्या मध्ये एकमेकांस जोडावेत, हा होता. म्हणूनच गाड्या नगरवरून जातात, नगरसाठी निघत नाहीत. आजही नगर स्थानकात थांबणाऱ्या महत्त्वाच्या गाड्या पाहिल्या तर त्यांचा आरंभ आणि शेवट शेकडो कोसांवर असतो. नगर हे त्यांच्या वाटेवरचे, पुष्कळदा अवेळी येणारे, एक स्थानक असते. मुंबईहून थेट नगरसाठी म्हणून सोडलेली इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध गाडी कोणती, असे विचारले तर उत्तर द्यावे लागेल ९ ऑगस्ट १९४२ ची. त्या दिवशी पहाटे अटक झालेल्या नेत्यांना घेऊन ती विशेष गाडी निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून घेतले आणि नेहरू, पटेल, आझाद प्रभृतींना नगरच्या किल्ल्याकडे आणले. नगरकरांच्या सोयीसाठी इतकी तत्परता रेल्वेने क्वचितच दाखविली असेल.

आता जेवणाकडे वळू. महाराष्ट्रात रेल्वेतील जेवणाचे म्हणून जे जाहिरातींत झळकते, त्यातील सर्वांत दिमाखदार प्रकार म्हणजे २००४ साली सुरू झालेली ‘डेक्कन ओडिसी’. राज्याच्या पर्यटन महामंडळाने रेल्वेच्या साहाय्याने चालू केलेली ही निळी आलिशान गाडी करोनाच्या साथीत थांबली आणि २०२३ च्या सप्टेंबरात पुन्हा रुळांवर आली. सात रात्रींच्या तिच्या सफरीचे भाडे माणशी काही लाखांच्या घरात जाते. त्यामुळे तिच्याविषयी या लेखात अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. दुसरा प्रकार अगदी विरुद्ध टोकाचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात ऑक्टोबर २०२१ मध्ये जुन्या डब्याचे उपाहारगृह उघडण्यात आले, पुढे नागपूरलाही तसेच झाले. डबा खरा, रूळ खरे, पदार्थही चांगले असतील. पण गाडी जागची हालत नाही. जुन्या डब्याचा सदुपयोग म्हणून कल्पना उत्तम आहे. तिला रेल्वेतील जेवण म्हणणे म्हणजे अंगणातल्या होडीत बसून समुद्रपर्यटन केल्याचे सांगण्यासारखे आहे.

या दोहोंच्या मध्ये, सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी एक जागा गेली नव्वदाहून अधिक वर्षे चालू आहे, आणि तिची म्हणावी तशी कदर झालेली नाही. ती म्हणजे मुंबई-पुणे ‘डेक्कन क्वीन’चा भोजनडबा. १ जून १९३० रोजी ही गाडी सुरू झाली तेव्हा ती आठवड्याच्या अखेरीस धावणारी साहेबी गाडी होती आणि पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या शौकिनांची तिच्यात वर्दळ असे. तिला तिसऱ्या वर्गाचे डबे जोडले गेले ते जून १९५५ मध्ये. म्हणजे कारकून आणि विद्यार्थी यांना या गाडीचे दार उघडायला पाव शतक लागले. पण एकदा दार उघडल्यावर भोजनडबाही आपोआप त्यांचा झाला, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तेथे बसण्यासाठी वेगळे, महागडे तिकीट लागत नाही. दुसऱ्या वर्गाच्या खुर्चीयानाचे आरक्षण केलेला प्रवासीही उठून तेथे जाऊ शकतो, रिकामी खुर्ची दिसेपर्यंत थांबतो, खातो त्याचे पैसे देतो आणि आपल्या जागेवर परततो. ऑम्लेट, कटलेट, चीज टोस्ट, भाजलेल्या घेवड्याच्या बिया. खाद्यपदार्थांच्या यादीत साहेबी वळण अजून शिल्लक आहे. खाणारे मात्र अंधेरी-डोंबिवलीहून कोथरूडला मुलीकडे निघालेले आजोबा असतात.

२०२२ च्या जूनमध्ये गाडीला नव्या बनावटीचे डबे मिळाले, तेव्हा भोजनडब्याचे काय होणार याची धास्ती अनेकांना वाटत होती. डबा राहिला आणि त्यात एका वेळी चाळीस माणसे बसतील अशी सोयही झाली. ही धास्ती अनाठायी नव्हती. वातानुकूलित खुर्चीयानात ७८ आसने असतात. भोजनडबा काढून त्याऐवजी तसे एक यान जोडले, तर प्रत्येक फेरीला ७८ तिकिटांचे उत्पन्न वाढते. भोजनडब्याची खरी किंमत स्वयंपाकाच्या खर्चात नसते. या सोडून दिलेल्या तिकिटांत असते. अर्थशास्त्रात हिलाच संधी खर्च म्हणतात. देशभरातील गाड्यांतून टेबल-खुर्च्यांचे डबे गेले आणि त्यांची जागा केवळ रसोईयानाने किंवा वाटेत चढविल्या जाणाऱ्या बंद पुड्यांनी घेतली, त्याचे मुख्य कारण हे. प्रवाशाला जेवण मिळते, पण ते मांडीवर. रेल्वेने हिशेब केला आणि तो हिशेब चुकीचाही नव्हता. फक्त त्यात एक रकाना राहून गेला. चार अनोळखी माणसांनी समोरासमोर बसून खावे, मीठदाणी एकमेकांकडे सरकवावी, यालाही काही मोल असते. ते तिकीट खिडकीवर वसूल करता येत नाही एवढेच.

तेव्हा नगरच्या कुटुंबाने जेवणाच्या गाडीची सहल ठरवायची तर ती या गाडीवर ठरवावी. गाडी मुंबईहून सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते आणि आठ-पंचविसाच्या सुमारास पुण्याला पोचते. म्हणजे जेवण सातच्या आत-बाहेर उरकावे लागते. आपल्या घरांतील सवयीच्या मानाने हे लवकरच. पण त्याची भरपाई बोरघाट करतो. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात आणि सदतीस फुटांना एक फूट असा चढ चढत ती लोणावळ्याला येते. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाटाचा निदान अर्धा भाग उजेडात दिसतो. डिसेंबरात हीच खुर्ची धरली तर काचेत आपलेच तोंड दिसते. कल्याण सुटताच डब्याकडे निघावे, कारण चाळीस खुर्च्या आणि सारी गाडी यांचे गणित कोणासही कळण्यासारखे आहे.

सहलीच्या आखणीत लोक गाडीचे तिकीट आणि जेवणाची यादी यांचाच विचार करतात. खरी कसोटी लागते ती उतरलेल्या हॉटेलपासून फलाटापर्यंतच्या अंतरात. मुंबईत एक रात्र राहायचे असेल आणि दादरच्या एखाद्या मध्यम हॉटेलात मुक्काम असेल, तर दोन मार्ग मोकळे असतात. डेक्कन क्वीन दादरला थांबते. तिकीट काढतानाच चढण्याचे स्थानक दादर असे नोंदविले तर बॅगा घेऊन दहा मिनिटे चालण्यापलीकडे त्रास नाही. पण मुले बरोबर असतील आणि गाडी फलाटावर लागताना पाहण्याची हौस असेल, तर टर्मिनसला जाणेच चांगले. येथे मुंबईच्या गर्दीचा एक स्वभाव लक्षात घ्यावा. सायंकाळचा लोंढा दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे टर्मिनसकडून दादर-ठाण्याकडे वाहतो. दुपारी साडेतीन-चारला दादरहून टर्मिनसकडे जाणारा माणूस या लोंढ्याच्या उलट जात असतो आणि त्यामुळे पाच रुपयांच्या लोकलच्या तिकिटात त्याला बहुधा बसायलाही मिळते. त्याच अंतराला टॅक्सी शे-दोनशे रुपये घेते आणि भायखळ्याच्या आसपास अडकून धडकीही भरविते. गावाहून आलेल्या माणसाला लोकलची भीती आणि टॅक्सीचा भरवसा वाटतो. या एका प्रवासापुरते तरी ते नेमके उलटे आहे.

इथवर सारे सुखरूप पार पडते. कठीण भाग पुढेच आहे. आठ वाजून गेल्यावर शिवाजीनगरला उतरलेल्या या चौघांना नगर गाठायचे असते, आणि नगर तेथून १२० किलोमीटर दूर असते. शिवाजीनगरचे जुने बसस्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलले. म्हणजे पूर्वी रेल्वेतून उतरून चालत जे गाठता येई, त्यासाठी आता रिक्षा करावी लागते. बस मिळाली, तर वाघोलीची कोंडी, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपे असे करीत मध्यरात्रीच्या सुमारास नगर येते. माळीवाड्याहून घरापर्यंतची रिक्षा त्या वेळी काय मागेल, ते मागेल. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे, त्यामुळे खर्चाचा भार पुष्कळ हलका झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण दीड तासाच्या घाटातील जेवणासाठी सारा दिवस आणि अर्धी रात्र रस्त्यावर काढायची, हा व्यवहार फार थोड्यांना पटेल. पुणेकराला जे केवळ संध्याकाळचे काम, ते नगरकराला दोन दिवसांचे.

रेल्वेने नगरहून पुण्याला जाण्याचा मार्ग तर आहे. दौंडवरून ते अंतर सुमारे १६० किलोमीटर पडते, रस्त्यापेक्षा चाळीसने जास्त. पूर्वी दौंडला इंजिन फिरवून गाडी उलट दिशेने न्यावी लागे; आता दौंडच्या बाहेरून जोडमार्ग झाल्यामुळे तो खोळंबा टळू शकतो. सकाळी जाऊन रात्री परतता येईल अशी नगर-पुणे गाडी ही नगरकरांची जुनी मागणी आहे. तिच्या समर्थनार्थ नोकरदार, रुग्ण, विद्यार्थी यांची उदाहरणे दिली जातात, ती योग्यच आहेत. सहलीला निघालेले कुटुंब त्या यादीत कोणी घालत नाही, कारण आपल्याकडे सामान्य माणसाच्या विरंगुळ्याला अजून गरज मानले जात नाही.

यावर उत्तर म्हणून शिर्डीकडे बोट दाखविण्यात येते. पुणतांब्याहून निघणाऱ्या छोट्या फाट्यावर साईनगर शिर्डी हे स्थानक २००९ साली सुरू झाले. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई ते साईनगर शिर्डी ‘वंदे भारत’ धावू लागली. सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार ती सकाळी सहा-वीसला मुंबईहून सुटून अकरा-चाळीसला शिर्डीला पोचते आणि सायंकाळी पाच-पंचविसाला परत निघून अकराच्या आत मुंबई गाठते. परतीच्या प्रवासात जागेवरच रात्रीचे जेवण मिळते. नको असेल तर तिकीट काढताना तसे सांगता येते. या अर्थाने जेवण देणारी एक उत्तम गाडी रोज संध्याकाळी, मंगळवार वगळता, नगर जिल्ह्यातूनच निघते. दर्शनासाठी आलेल्या मुंबईकराला तिच्याइतके सोयीचे काही नाही. हॉटेलची खोली दुपारी सोडावी, सामान तेथेच ठेवून मंदिराकडे एक फेरी मारावी आणि साडेचारला रिक्षाने निघावे. गाडी चुकण्याची शक्यता उरत नाही.

पण हीच गाडी नगर शहरातील माणसाने धरायची म्हटली, की चित्र पालटते. नगर ते शिर्डी हे अंतर ऐंशीहून थोडे अधिक किलोमीटर. तारकपूरच्या बसस्थानकावरून निघून विळद घाट, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर असा तो नगर-मनमाड रस्ता. त्या रस्त्याच्या खड्ड्यांविषयी आणि अपघातांविषयी इतके मोर्चे निघाले आणि इतक्या बातम्या छापून आल्या, की नगरकराला त्याबद्दल नव्याने सांगण्याची गरज नाही. पाच-पंचविसाची गाडी निश्चिंतपणे गाठायची तर दुपारी एकलाच घर सोडावे लागते. गाडी सुटल्यावर कोपरगावजवळ गोदावरी ओलांडून ती थोड्याच वेळात जिल्ह्याबाहेर पडते. नाशिकरोड मागे पडल्यावर, थळघाटाच्या अंधारात जेवण येते, आणि मग रात्री अकराला नगरचे कुटुंब मुंबईत उभे असते. परतीची गाडी सकाळची. जिल्ह्यातून निघणाऱ्या या गाडीत जिल्ह्यातील माणसाला जेवायचे असेल, तर त्याने मुंबईत खोली घेतली पाहिजे! गाडी दोषी नाही. ती मुंबईच्या भाविकांसाठी आखली गेली आणि तिचे काम ती नेटके करते. दोष आहे तो तिच्याकडे पाहून जिल्ह्याची सोय झाली असे समजणाऱ्यांचा.

मग नगरला स्वतःची, परदेशांतल्यासारखी, फेरी मारून परत आणणारी जेवणाची गाडी हवी काय? आलिशान डबे, गणवेशातील वाढपी, हजारोंचे तिकीट, असे तिचे स्वरूप असेल तर मुळीच नको. ती दोन हंगाम चालेल आणि मग एखाद्या यार्डात उन्हात रंग उडत उभी राहील. परंतु थोड्या खर्चात करून पाहण्यासारखे एक काम मात्र आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते नवीन आष्टी हा ६६ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला, आणि १७ सप्टेंबर २०२५ पासून गाडी बीडपर्यंत जाऊ लागली. मराठवाड्याच्या लोकांनी या मार्गासाठी दशकानुदशके वाट पाहिली. हिवाळ्यात याच पट्ट्यात ज्वारी हुरड्याला येते, आणि हुरडा खायला पुण्याची माणसे शेकडो मोटारी घेऊन नगर रस्त्याने येतात. डिसेंबर-जानेवारीतील रविवारी दुपारी नगरहून निघून आष्टीच्या बाजूला एखाद्या स्थानकावर तासभर थांबणारी आणि रात्री आठच्या आत परत आणणारी एक जादा फेरी साध्या डब्यांची सोडता येईल. गावातील बचत गटांच्या बायकांनी फलाटावर हुरडा, बाजरीची भाकरी, ठेचा, दही वाढावे. टेबले नकोत, साहेबी यादी नको. वाढण्याचा मक्ता मात्र सर्वाधिक बोली लावणाऱ्यास देऊ नये. मक्त्याची रक्कम वाढली की ती ताटातूनच वसूल होते, हे रेल्वेतील खाण्याने पुरेसे शिकविले आहे.

या फेरीलाही अडथळा येईल तो पुन्हा तोच. नगरचे रेल्वे स्थानक गावाच्या दक्षिणेला, जुन्या पेठा आणि माळीवाडा-तारकपूरच्या बसस्थानकांपासून तीन-चार किलोमीटर दूर आहे. सावेडीचे कुटुंब असो वा माळीवाड्याच्या लॉजवर उतरलेला पाहुणा, स्थानकापर्यंत जायला आणि मुख्य म्हणजे रात्री तेथून परत यायला दोघांनाही रिक्षावाल्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. चौघांच्या रेल्वे तिकिटांपेक्षा या दोन रिक्षांचाच खर्च अधिक व्हायचा. गाडीच्या वेळेला जोडून सावेडी, तारकपूर, माळीवाडा अशी एक बस सोडण्यास रेल्वे मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. महापालिका आणि एस.टी.चे विभागीय कार्यालय यांनी एका टेबलाशी बसून ते ठरवायचे आहे. वाकडेवाडीहून रात्री नऊला नगरसाठी एक खात्रीची, आरक्षण असलेली बस आणि डेक्कन क्वीन उशिरा आली तर तिच्यासाठी पंधरा मिनिटे थांबण्याची तिच्या वाहकाला लेखी मुभा, एवढे जरी झाले, तरी यंदाच्या मे महिन्यात नगरची पुष्कळ मुले बोरघाटात कटलेट खाऊन त्याच रात्री घरी झोपायला येतील.